पुंगळी काही सुटेना

हान्हीच्या दलदलीत त्या शनिवारी जो मूस, म्हणजे सांबराचा उत्तरेकडचा दांडगा भाऊबंद, एमेलीसमोर येऊन उभा राहिला, तो एवढा थोरला होता की त्याच्या शिंगांवर घरटं बांधायचं की नाही यावरून दोन कावळे भांडत होते. एमेली तीन सांगतो, पण तिसरा बहुधा नुसता बघ्या असावा.

एमेलीने नेम धरला आणि चाप ओढला. बंदुकीला याच शरदात नवा सायलेन्सर बसवलेला, त्यामुळे आवाज झाला तो शेजारच्या खोलीत कुणी दार आपटावं तेवढाच. गोळी शिंगांच्या मधून गेली. कावळे उडाले, मूस मात्र जागचा हलला नाही. दुसरी गोळी भरायला एमेलीने बोल्टची मूठ वर उचलली, म्हणजे उचलायला गेला. मूठ हलेना. उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी आत अशी घट्ट बसली होती, जणू तिने तिथे खोलीच भाड्याने घेतली होती. एमेलीने हिसके दिले, फुंकर मारली, सैतानाला त्याच्या सगळ्या नावांनी हाका मारल्या. तेवढ्या वेळात मुसाने जरासा पाला खाल्ला, रवंथ केलं, एमेलीकडे कणवेने पाहिलं आणि शेजारच्या शिकार मंडळाच्या हद्दीत निघून गेला.

वॉकीटॉकीवर औने बोलली. ती आमच्या शिकार मंडळाची प्रमुख.

"पडला का?"

"नाही. पुंगळी अडकली."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? बंदुकीत! माझ्या घशात अडकेल का?"

दुपारी मंडळाच्या खोपीवर औनेने निकाल दिला. "जखमी जनावर रानात सोडायचं नाही. ज्याची बंदूक एकदाच वाजते, त्याला मी हान्हीवर उभा करायची नाही. उद्या सकाळी खडीच्या खाणीत वाजवून दाखव. अडकली, तर तू सूपच्या कढईवर."

हान्हीवरची टपून बसायची जागा एमेलीच्या बापापासूनची. तिथल्या लाकडी बाकाला बापाने बसून बसून खळगा पाडलेला आणि एमेलीचं बूड त्यात अगदी बेतून शिवल्यासारखं बसायचं. त्या जागेवर शेजारच्या ताइस्तोचा फार जुना डोळा होता.

मग सगळे बंदुकीभोवती जमले. न विचारता सल्ला द्यायची संधी आमच्या कोर्पीयोकी गावात कुणी सोडत नाही.

"काडतुसं घरी भरतोस ना?" ताइस्तो म्हणाला. "दारू चमच्याने घालतोस की फावड्याने?"

दुकानातली काडतुसं आणली. पुंगळी अडकलीच.

"सायलेन्सर काढ," म्हातारा कौको म्हणाला. "आवाजाला बाहेर जाऊ देत नाहीस, मग तो आत रुसून बसणारच."

सायलेन्सर काढला. तरी अडकली. शेवटी कौकोने नळीत मागून ब्रश घातला आणि काडतूस बसतं ती जागा खसाखसा घासली. चिंधी बाहेर आली ती डांबरासारखी. पुन्हा बार काढला, तर पुंगळी लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर. सायलेन्सर चढवून बार काढला, तरी तेच. टोप्या उडाल्या, कॉफी झाली आणि एमेली शीळ घालत घरी गेला.

सकाळी खडीच्या खाणीत, औनेच्या नाकासमोर, पुंगळी पुन्हा अडकली.

रविवार एमेलीने कढईवर काढला. रागाच्या भरात त्याने मीठ असं घातलं की जेवणानंतर कुत्रीसुद्धा तळ्याकडे धावली. "उद्या सकाळी शेवटची संधी," पाण्याचा तिसरा पेला रिकामा करत औने म्हणाली. संध्याकाळी कौकोने पुन्हा घासलं, बंदूक पुन्हा सुतासारखी सरळ.

"संध्याकाळी गुणाची, सकाळी अडेलतट्टू," ताइस्तो डोळे बारीक करून म्हणाला. "गड्या, ही रात्री असते कुठे?"

"असायची तिथेच," एमेली म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

त्या दिवशी सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, एमेलीकडे तापली होती. पहिली वाफ अंगावर घेऊन एमेली, कौको आणि ताइस्तो बाहेरच्या खोलीत कमरेला टॉवेल गुंडाळून बसले. कोपऱ्यातल्या बाकावर एमेलीच्या बायकोचा फुलाफुलांचा झगा घालून काहीतरी लांबट उभं होतं.

"ह्या कोण पाहुण्या?" ताइस्तोने विचारलं.

"झाडू आहे."

"झाडूला थंडी वाजते?"

ताइस्तो भाजलेलं सॉसेज मोहरीत बुडवणार, तेवढ्यात झग्याच्या काठावरून एक काळाकुट्ट थेंब सुटला आणि त्याच्या मोहरीत बरोबर मधोमध पडला. ताइस्तोने आधी मोहरीकडे पाहिलं, मग झग्याकडे. मग उठून झगाच वर उचलला. आत बंदूक. बोल्ट काढलेला, सायलेन्सर चढवलेला, तोंड आढ्याकडे.

थंडीतली बंदूक उबेत नेली की तिला घाम फुटतो, म्हणून तिला गार पडवीतच ठेवायची, हे आमच्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

"एमेली," कौको हळूच म्हणाला, "तू बंदुकीला सौनात आणतोस?"

"दिवसभर माझ्याबरोबर गारठते बिचारी," एमेली जमिनीकडे बघत पुटपुटला. "मी एकट्याने ऊब घ्यायची, बरं वाटत नाही. आणि आजची का गोष्ट आहे? कायमच आणतो! कधी काही झालं नाही."

"कारण तेव्हा सायलेन्सर नव्हता, शहाण्या! त्याच्या पोटात दिवसभराची काजळी. उबेत त्याला घाम फुटला की काजळीचं पाणी नळीतून उतरतं ते थेट काडतुसाच्या जागेत. तिथे रात्रभर सुकून त्याचं लुकण होतं. वर तू बार काढतोस. पुंगळी फुगून त्या लुकणाला चिकटणार नाही तर काय!"

मग कौको असा हसला की त्याचा टॉवेल सुटला. ताइस्तो हसत नव्हता. एमेलीने त्याच्याकडे पाहिलं. ह्याने झगा उचललाच नसता, तर हान्ही त्याचीच होती.

"बघतोस काय?" ताइस्तो ओरडला. "ब्रश आण! तुझ्या बापाच्या त्या खळग्यात माझं बूड मावत नाही, मागच्या वर्षी चोरून बसून बघितलंय मी!"

तिघांनी नागड्यानेच बंदूक साफ केली. सायलेन्सर काढून वेगळा ठेवला, बंदूक गार पडवीत तोंड खाली करून उभी केली आणि दाराला कुलूप घातलं. एमेलीने कुलपावरूनच तिची क्षमा मागितली.

सोमवारी खाणीत पुंगळी अशी उडाली की औनेच्या कॉफीत जाऊन पडली. औनेने ती बोटाने काढली, कॉफी पिऊन टाकली आणि म्हणाली, "जा हान्हीवर."

आणि नऊ वाजायच्या आत तो आला. कावळ्यांविना, पण तोच. एमेलीने दोनदा चाप ओढला, मधे बोल्ट नुसता सळसळला.

"पडला!" एमेली वॉकीटॉकीत एवढ्याने ओरडला की वॉकीटॉकीची गरजच नव्हती.

सगळे धावत आले. औनेने मुसाभोवती एक फेरी मारली. "दुसऱ्या गोळीला वेळ लागला?"

"दुसरी तर माझ्याआधी तयार होती, औनेबाई."

"मग पुढच्या शनिवारी इथेच," ती म्हणाली आणि दोराचं पुढचं टोक त्याच्या हातात दिलं.

सगळ्यांनी दोर ओढायला घेतला आणि जन्मात कधी न गायलेला ताइस्तो एकदम गायला लागला. मूस आधीच मेला होता म्हणून, नाहीतर तो उठून पळालाच असता.