आवाज आला की आधण

आमच्यात भूतखेत मानत नाहीत. आत्माही नाही. मी चौथी शिकलेली बाई, पण बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ आहेत. आमचे हे गेले तेव्हा शेजारची पंजाबीण सांगायला आली, कौए को रोटी डालो बहनजी, शांती मिलेगी. मी म्हटलं, "हमारा आदमी कौआ होके तुम्हारे छत पे नहीं आनेवाला." पुन्हा आली नाही. तेव्हा पुढं सांगते आहे ते गाडीच्या ब्रेकचं आहे, एवढं लक्षात ठेवा.

लक्ष्मीबाई नगरातलं हे क्वार्टर माझ्या मुलाला, संघपालला, मिळालेलं. दुसरा मजला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटक दिसतं. हे रिटायर झाल्यावर रोज दुपारी गाडी काढून विहारात जाऊन बसत आणि दिवेलागणीला परत येत. फाटकाशी आले की ब्रेक वाजायचे. आधी लांब चीं, मग शेवटी खट्. तो आवाज आला की मी चहाचं आधण ठेवायचे. हे दोन जिने चढून येईपर्यंत चहा कपात. कितीदा म्हटलं, अहो, ते ब्रेक बदला, सगळी कॉलनी दात आवळते. तर म्हणायचे, "वाजतात तेच बरं आहे. तुला कळतं ना मी आलो ते?"

गेल्या हिवाळ्यात, धुरकं दाटलेलं असताना, छातीनं दगा दिला आणि हे गेले.

मग गाडी सूनबाईकडे आली. समता नोएडाला नोकरीला जाते, तीही दिवेलागणीलाच परतते. पहिल्या दिवशी खाली चीं वाजलं, खट् झालं, आणि माझा हात पातेल्याकडे गेलासुद्धा. समता वर आली तर चहा तयार.

"आई, तुम्हाला कसं कळतं मी आले ते?"

"कान आहेत मला."

तिला वाटलं, सासू सुधारली. वाटू दे.

मग एकदा ती ऑफिसच्या कामानं भोपाळला गेली. संघपाल मेट्रोनं जातो. गाडी खाली कडुनिंबाखाली उभी. दिवेलागणीला चीं वाजलं. खट् झालं. मी आधण ठेवलं, आलं ठेचलं आणि मग आठवलं, समता तर गावाला. खिडकीतून पाहिलं. फाटकात कुणी नाही. गाडीच्या टपावर निंबाची पिवळी पानं पडलेली, तशीच. जिन्यावर पावलं वाजली नाहीत. चहा मी यांच्याच कपातून प्यायले. भूत नव्हतं. नसतंच. पण चहा ओतून द्यायची आमच्यात रीत नाही.

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. नातीला प्रतिज्ञा मीच शिकवलेल्या, आता तिला हे काय सांगायचं?

आणि त्यातच समतानं ब्रेक बदलायचं काढलं. गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपात दाखवून आली आणि मोबाइलवर आलेला हिशेब वाचायला लागली. पुढचे पॅड, डिस्क, मागचे शू, कसलंसं क्लीनिंग, वर टॅक्स. अठरा हजार!

"अठरा हजारात काय नवरदेवाचा घोडा देतात का सोबत?"

"आई, ओरिजिनल पार्ट असतात. वॉरंटी असते."

"आणि थंडगार खोली असते, काचेतून गाडी बघत बसायचं, फुकटची कॉफी प्यायची. ती कॉफी फुकट नसते, बाई. ती आपल्याच ब्रेकमध्ये उकळलेली असते."

संघपाल पेपराआडून हसला. "ठीक आहे यार, मग करोल बागला नेऊ. बाबांचा तो गॅरेजवाला हरीश आहे ना, सात-साडेसात हजारात करून देईल."

"तिथं डुप्लिकेट माल घालतात," मी म्हटलं.

"आई, बाबा कायम त्याच्याकडेच जायचे."

"म्हणून तर ब्रेक वाजले."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हातारी ना इकडे राजी ना तिकडे. चिक्कूपणा म्हणाले असतील मनात. म्हणू देत. कंपनी महाग पडो की गॅरेज स्वस्त पडो, नवे ब्रेक बसले की आवाज जाणार होता. आणि आवाज गेला की संध्याकाळी फाटकातून यायला माझं कुणी उरणार नव्हतं. दिवाळी होऊन जाऊ दे, म्हटलं.

दिवाळीपर्यंत आवाज बदलला. चीं जाऊन घरघर लागली, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी. शेवटच्या महिन्यात यांची छाती वाजायची ना, उशीला कान लावला की ऐकू यायची, अगदी तशी. मी खिडकीत उभी राहून ऐकायचे आणि मग आधण ठेवायचे. एक माणूस दोनदा आजारी पडतो का? धुरकं पुन्हा दाटलं होतं. फाटकाचा दिवा पिवळा दिसायचा, त्याच्याखाली काही उभं असल्यासारखं वाटायचं, नसायचं.

आमची नात इशिता बारावीला आहे, यांना आबा म्हणायची ती. एकदा तिच्या क्लासहून तिला घेऊन येत होतो. समता चालवत होती, इशिता पुढं, मी मागं. फ्लायओव्हर उतरताना खाली सिग्नल लाल. समतानं ब्रेक दाबला. गाडी थांबेना. घरघर, घरघर, पुढं एक ई-रिक्षा, तिच्या मागच्या सीटवर आमच्याकडे तोंड करून बसलेली बाई, मांडीवर पोर. त्या बाईचे डोळे मोठे झालेले मला दिसले. माझा उजवा पाय मागं बसल्या बसल्या खालचं पायपुसणं दाबत होता. गाडी थांबली तेव्हा मध्ये वीतभरसुद्धा जागा नव्हती.

इशिताचं कपाळ पुढं आपटलेलं. बेल्ट लावला नव्हता कार्टीनं. टेंगूळ धरून ती हळूच म्हणाली, "आबांसारखी खोकली गाडी."

समता पांढरीफटक. मागचे हॉर्न मारत होते.

वाजतात तेच बरं, म्हणायचे हे. माझ्यासाठी म्हणायचे. पण हे असते आणि नातीचं टेंगूळ बघते, तर स्वतःच्या हातानं चाकं खोलून बसते.

"समता, करोल बाग," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. पहिल्या गिअरमध्ये, कडेकडेनं."

"आई, उद्या कंपनीत..."

"उद्या कंपनी अपॉइंटमेंट देईल. हरीश चाक काढेल. चल."

हरीशनं चाक काढलं आणि कपाळाला हात लावला. "माताजी, पॅड तो खतम, डिस्क भी खा गया. इतने दिन कैसे चलाया?"

"चलाया. तू तेरा काम कर. और माल डब्बाबंद चाहिए, सील मेरे सामने तोड़."

त्यानं तोडलं. माझ्या हातात दिलं. मला काय कळतंय त्यातलं, पण हे असंच करायचे, म्हणून मी चष्मा लावून उलटंसुलटं बघितलं. समता स्टुलावर बसली होती, इशिताच्या कपाळावर थंड बाटली धरून. फाटकाशी जे यायचं ते त्या तेलकट जमिनीवर निघून पडलं होतं. झिजून पापडासारखं पातळ झालेलं.

"आवाज आएगा अब?" मी विचारलं.

"बिल्कुल नहीं, माताजी! मक्खन. गाडी आयी, पता भी नहीं चलेगा."

केवढ्या आनंदानं सांगत होता. मी म्हटलं, "जुने पॅड दे." हे नेहमी जुना पार्ट घरी आणायचे, नाहीतर तोच घासूनपुसून दुसऱ्याच्या गाडीत बसतो, म्हणायचे. बाल्कनीत त्यांचा पत्र्याचा डबाच होता त्यासाठी. हरीशनं कागदात गुंडाळून दिले. अजून कोमट होते. घरापर्यंत मांडीवर धरले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी खिडकीत गेले नाही. भाजी निवडत बसले. खाली काही वाजलं नाही. दारावरची बेल वाजली तेव्हाच कळलं, समता आली.

"आज चहा नाही, आई?"

"हात आहेत ना तुला?" मी म्हटलं. मग उठून केला. तिच्यापुरता.

संघपालही आला. सगळे घरात, टीव्ही लागला, इशिता पुस्तक घेऊन माझ्याजवळ जमिनीवर बसली. गाडी खाली निंबाखाली, चावी खुंटीला.

आणि चीं वाजलं. लांब. घरघर नाही, खोकला नाही. पूर्वीसारखं स्वच्छ, निरोगी. मग खट्.

मी मान वर केली नाही. गवारीची शेंग हातातच राहिली. संघपालचं लक्ष टीव्हीत, समता फोनवर. कुणाला काही नाही. म्हातारीचे कान, दुसरं काय.

इशितानं पुस्तक मिटलं. माझ्याकडे बघितलं नाही. कपाळावरचं टेंगूळ चाचपत उठली, स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. पातेल्यात पाणी पडलं.

"आजी," तिनं आतून विचारलं, "आबांचा कप कुठला?"