हात जोडले की शरण

अक्षदाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. आणि का होऊ नये? पालखीच्या दिवशी पॅकिंग लाईनवरून एकालाच सुट्टी, आणि मागणारे दोघं, ती आणि मशीनवरचा रितेश. सुपरवायझरने नेहमीसारखं अंग काढून घेतलं. "तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाला आणि गेला चहा प्यायला. बरं, न सांगता दांडी मारावी, तर ठेकेदार दुसऱ्याच दिवशी तिच्या जागी दुसरी बाई उभी करणार.

तिला ती सुट्टी हवीच होती. तिचं पोर जन्मलं ते मरणाच्या दारात. काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. तेव्हा तिची सासू प्रयागबाई वाघजाईला नवस बोलली होती, की पोर सुखरूप घरी येऊ दे, शिमग्यात पालखी दारात आली की त्याची आई तुझी ओटी भरील आणि त्याला पालखीखालून काढील. आई म्हणजे आईच. तिथे आजी चालत नाही, काकू चालत नाही. आणि पालखी दारात येते वर्षातून एकदा.

रितेशला त्याच दिवशी आपल्या गावची पालखी नाचवायची होती. "पहिल्यांदाच खांदा मिळतोय, ताई," तो म्हणाला. "चेटकात जिंका, सुट्टी तुमची."

चेटूक हा पोलादपूरहून महाडच्या एमआयडीसीत जाणाऱ्या त्यांच्या बसमधला खेळ. दोन मांत्रिकांची लढाई म्हणा ना. समोरासमोर बसायचं, तिसऱ्याने "एक, दोन, तीन" म्हटलं की दोघांनी दोन्ही हात एकदम दाखवायचे. मूठ, बोट, चुटकी नाहीतर पंजा. एकाच हाताने ओळीने चुटकी, बोट, मूठ केलं की झाली आग, समोरच्याचा एक जीव गेला. पंजा म्हणजे ढाल, तिने आग अडते. पण चुटकी, बोट आणि पुन्हा चुटकी केली, तर तो विसर. मग समोरच्याने आत्ता जे दाखवलं तेच पुढच्या वेळीही दाखवायचं, बदलायची सोय नाही. ढालीने विसर अडत नाही. म्हणून चुटकी-बोट दिसलं की आग येतेय की विसर, हे ओळखण्यातच सगळी मेख.

आणखी एक नियम होता, आणि तो अक्षदानेच घातलेला. हरायला लागला की हा रितेश "माफ करा ताई" म्हणून हात जोडायचा, सगळ्यांना हसवायचा आणि डाव मोडून पहिल्यापासून मागायचा. तेव्हा तिने ठणकावलं होतं, हात जोडले की शरण. थट्टेने जोडा नाहीतर मनापासून, खेळ खलास.

या सुट्टीसाठी तिने आठवडाभर डोकं लावलं. रोजच्या खेळात चुटकी-बोट दाखवून ती मुद्दाम विसरच टाकत राहिली, आग एकदाही नाही. हरली, बसभर हसू झालं, पण रितेशला सवय लावली. अक्षदाची चुटकी-बोट म्हणजे विसर, तिथे ढाल धरून हात फुकट घालवायचा नाही.

ठरलेल्या सकाळी दोघांचा एकेकच जीव उरला. मोजायला लाईनवरच्या जुन्या संजीवनीताई होत्या. अक्षदाने डाव्या हाताने चुटकी केली. मग डाव्याने बोट, आणि उजव्याने हळूच नवी चुटकी. तिसऱ्या वेळी डाव्याने विसर टाकला, उजव्याने बोट. रितेशने काय दाखवलं? एक मूठ, एक बोट. ढाल नाहीच! आता पुढच्या वेळीही त्याला मूठ आणि बोटच दाखवायचं होतं, आणि हिच्या उजव्या हाताची आग मोकळी. मेल्या, संपलास तू! अक्षदाला तर पोर पालखीखालून जाताना दिसायलासुद्धा लागलं.

"थांबा थांबा," म्हणत रितेशने बाटली काढली. पाणी प्यायला. झाकण पडलं, ते सीटखाली शोधत बसला.

"आटप ना रे!"

"मरणाऱ्याला घोटभर पाणी तरी पिऊ द्या, ताई."

बस हसली. त्याने खिडकीबाहेर बघितलं, रुमालाने तोंड पुसलं, मग नीट बसला. "हां, मोजा आता."

"एक... दोन..."

आणि हॉर्न वाजला. वळणावर वाघजाईचं देऊळ. ड्रायव्हर रोज तिथे हॉर्न देतो आणि अख्खी बस हात जोडते. "तीन" म्हणता म्हणता संजीवनीताईंनी हात जोडले. अक्षदानेही जोडले. रितेशची मूठ आणि बोट मात्र जागच्या जागी होती.

"शरण!" तो ओरडला.

"अरे, देवीला जोडले मी! तुला नाय!"

सगळे संजीवनीताईंकडे बघायला लागले. त्या बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या. "नियम तुझाच हाय गो. कुणाला जोडले, ते काय त्यात नाय."

आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला? "आणि तू?" ती रितेशवर उखडली. "तू नाय जोडलेस ते?"

"पालखी खांद्यावर आली की देवीची माफी मागीन," तो म्हणाला. पण बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

दिवसभर तिने खोक्यांवर राग काढला. मूर्ख बाई, हात तुझे आणि तुझं ऐकत नाहीत! संध्याकाळी परतीच्या बसमध्ये तिने सासूला फोन लावला.

"आई, सुट्टी नाय मिळाली."

"का गो?"

"वाघजाईच्या पाया पडले म्हणून."

"पाया पडल्यावर सुट्टी कोण काढून घेतो? नाव सांग मेल्याचं!" मग प्रयागबाईचा आवाज खाली आला. "आता पुढच्या शिमग्यापर्यंत नवस डोक्यावर गो."

फोनमध्ये मागे पोर खिदळत होतं. अक्षदाला रडू आवरेना. इतक्यात वळण आलं आणि हॉर्न वाजला. नाही जोडणार, तिने दात-ओठ खात ठरवलं, आज काय वाट्टेल ते होऊ दे. एका हातात फोन होता. दुसरा हात तिला न विचारताच छातीशी गेला. एका हाताने शरण होत नाही, एवढा एकच नियम आता तिच्या बाजूने उरला होता.