धाकट्यावरचा लेख

ताईचं पोट चालायचं ते लोकांची घाण उपसून. लोक व्हिडिओ टाकतात त्या एका साइटच्या ऑफिसात बसून तक्रारी आलेले व्हिडिओ दिवसभर बघायचे, ठेवायचे की काढायचे ते ठरवायचं आणि प्रत्येकाचं वर्णन लिहायचं. वर्णन इतकं नेमकं हवं, की न बघताच साहेबांना सगळं कळावं. या कामात तिचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं.

पण बघून बघून एक दिवस तिचं डोकं फिरलं. दुसऱ्याच्या फजितीला माणसं अशी खिदळतात तरी कशी? तिने सरळ ब्लॉगच काढला. ‘मोबाइलमधल्या जगण्याबद्दल इथे घाई न करता, विचार करून बोलू या,’ असं पहिल्याच लेखात लिहिलं आणि उदाहरण घेतलं ते घरातलं.

तिचा धाकटा भाऊ शाळेत मास्तर. बायको गेली त्याच महिन्यात तो भर वर्गात फळ्याकडे तोंड करून रडला होता. कुण्या कार्ट्याने ते मोबाइलवर टिपलं आणि जगभर हसं झालं. बिचाऱ्याने ती शाळा सोडली, गाव सोडलं. आता कुठे नव्या शाळेत रुळला होता, पोटभर जेवायला लागला होता.

ताईने त्याचं नाव दिलं नाही, गाव दिलं नाही, फोटो तर नाहीच. पण हाताला लागलेलं वळण जातंय कुठे! निळा सदरा, फळ्यावरचं अर्धवट गणित, त्याचं ते ‘दोन मिनिटं द्या रे मला’, सगळं जसंच्या तसं उतरवलं.

लेख गाजला. वाचणारे हळहळले आणि हळहळून झाल्यावर त्यांनी तेच वाक्य टाकून व्हिडिओ शोधून काढला. झालं! दोन दिवसांत तो नव्या शाळेतल्या पोरांच्या फोनवर पोचला.

धाकटा बॅग घेऊनच दारात उभा राहिला.

“ताई, वर्गात शिरलो तर सगळी एका सुरात म्हणाली, ‘दोन मिनिटं देतो, सर.’ राजीनामा देऊन आलो.”

“अरे देवा! मी काढते रे तो लेख, आत्ता काढते.”

“राहू दे गं. चांगला लिहिलायस. तो व्हिडिओ तेवढा काढता येईल का तुझ्या ऑफिसातून?”

ताईला रडू फुटलं. त्या व्हिडिओत मारहाण नव्हती, शिवीगाळ नव्हती. नियमात बसत होता. असले कितीतरी तिने स्वतःच ठेवले होते.

“नाही रे,” ती म्हणाली.

“मग आता कुठल्या गावाला जाऊ, ते तरी सांग.”