माझे दोन, त्यांचे आठ

मी एक मनगटी घड्याळ बोलतोय. सध्या टोरोंटोत अल्गानेशच्या हातावर आहे, तेही मंगळवारपर्यंतच.

मला इथिओपियातल्या मेकेले शहराच्या बाजारात तिच्या नवऱ्याने, किरोसने, घेतलं आणि तिथल्या तिथे आमच्या वेळेला लावलं. आमच्याकडे उजाडल्यापासून तास मोजतात. उजाडून दोन तास झाले की दोन वाजले. बाकीचं जग त्याला सकाळचे आठ म्हणतं. म्हणेना का.

त्या सकाळी न्याहारीआधी हात धुवायला किरोसने मला काढून ठेवलं, तेवढ्यात सरकारी सैनिक अंगणात शिरले. माझ्यात दोन वाजले होते. ओल्या हातांनीच त्याला नेलं. जाताना एकजण अल्गानेशला म्हणाला, "तुझाही नंबर लागेल." किरोस परत आला नाही. ती मला हातात बांधून पळाली आणि कॅनडात आश्रय मागायला आली.

इथे अर्ज भरला तिच्या गावाकडच्या, पण इथे बरीच वर्षं राहिलेल्या मैत्रिणीने, लेमलेमने. अल्गानेशने "दिवसाचे दोन" सांगितलं आणि हिने घाईत "दुपारी दोन" लिहून टाकलं. सुनावणीत दुभाष्याने मात्र हिशेब करून "सकाळी आठ" सांगितलं.

"अर्जात दोन, आता आठ. नक्की किती वाजले होते?" निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं.

"दोनच. न्याहारीची वेळ," ती म्हणाली. या खेपेला दुभाष्याने शब्दाला शब्द ठेवला. आपणहून खुलासा करायची त्याला मुभा नव्हती.

मी अधिकाऱ्यापासून हातभर अंतरावर होतो. त्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. निकालात लिहिलं, बाई उत्तरं बदलते, विश्वास ठेवण्याजोगी नाही.

"मीच गं घोळ घातला," लेमलेम रडायला लागली.

"गप गं. इथे राहून तुझंही घड्याळ इथल्यासारखंच चालायला लागलंय," अल्गानेश म्हणाली.

मग नदीन नावाच्या वकीलबाईंनी प्रकरण कोर्टात नेलं. माझा फोटोही जोडला. न्यायाधीश म्हणाले, हे घड्याळ तेव्हा दाखवलं नव्हतं, आता बघता येणार नाही. बाई खरं बोलते की खोटं, हेही मी ठरवायचं नाही. पण तफावत का पडली हे अधिकाऱ्याने विचारलंच नाही, म्हणून निकाल रद्द. दुसऱ्या अधिकाऱ्याने पुन्हा ऐकावं.

"म्हणजे जिंकलो?" अल्गानेशने विचारलं.

"म्हणजे पुन्हा सांगायचं," नदीनबाई म्हणाल्या.

दोन वर्षांनी पुन्हा सांगितलं. या वेळी एक शब्द चुकू नये म्हणून तिने रोज उजळणी केली होती. मलाही टेबलावर ठेवलं. नव्या अधिकारीबाईंनी माझी किल्ली ओढली, काटे आठवर नेले, बारावर नेले, परत दोनवर आणले. अंगाची लाही झाली माझ्या. निकालात दोनच कारणं होती: घड्याळाचे काटे कोणीही फिरवू शकतं, आणि बाईची हकीकत पाठ केल्यासारखी वाटते. आधी अडखळली म्हणून खोटी, आता अडखळली नाही म्हणून खोटी. माणसांना नेमकं कसं बोललेलं खरं वाटतं, ते मला अजून कळलेलं नाही.

कोर्टाने या वेळी प्रकरण ऐकायलाच घेतलं नाही. एका ओळीचं उत्तर आलं, कारण दिलं नव्हतं.

मंगळवारी आम्हाला परत धाडणारं विमान आहे. वाचकहो, पुढे कधी कोणी तुमच्यासमोर अशी हकीकत सांगायला बसलं, तर निदान त्याच्या हाताकडे एकदा बघा. आमच्यासाठी आता उशीर झाला. अदिस अबाबाच्या विमानतळावर ती उतरेल आणि नाव सांगेल. ती किरोसची बायको आहे यावर तिथे कोणी शंका घेणार नाही. पहिल्याच शब्दाला तिच्यावर विश्वास ठेवतील.