बर्फाच्या बेटावर अळीव

आमच्या मंडळाच्या दिवाळीतल्या किल्ले स्पर्धेचा एक नियम आहे. किल्ल्याची माहिती मुलानेच द्यायची आणि तीही मराठीत. गेल्या वर्षी माझी अकरा वर्षांची ईशानी प्रतापगडामागे उभी राहून नुसती रडली. घरी मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. दुबईत घरोघरी हेच.

यंदा ती म्हणाली, "आय विल टॉक, आई. प्रॉमिस. पण किल्ला नाही, बेट करायचं. माझ्या चॉइसचं."

तिचं बेट म्हणजे क्वितोया. उत्तर ध्रुवाकडचं, जवळजवळ सगळं बर्फाखाली गेलेलं. मी चिडलेच. किल्ले स्पर्धेत हे कसलं खूळ! पण पोरगी बोलणार म्हटल्यावर मुकाट्याने अल बर्शातल्या आमच्या घराच्या बाल्कनीत माती लिंपायला बसले. लिंपून झालं आणि दरवर्षीच्या सवयीने हात अळिवाच्या पुडीकडे गेला. किल्ल्यावर हिरवळ नको? ईशानीने वर बर्फ म्हणून ओला कापूस पसरून सगळं प्लास्टिकने झाकलं.

चार दिवसांनी, स्पर्धेच्या दिवशी, ऊद मेथाच्या हॉलमध्ये प्लास्टिक काढलं, तर बर्फातून बोटभर हिरवागार अळीव! ईशानीचं तोंड एवढंसं झालं. मी उपटायला हात घालते, तोच परीक्षक काका पुढ्यात.

"उत्तर ध्रुवावर शेती?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ती आईची मिस्टेक आहे," ईशानी म्हणाली. "बर्फावर काही नाही उगवत. आईला सगळीकडे अळीव टाकायची हॅबिट आहे."

सगळे खो खो हसले. तीही हसली आणि मग बोलायची थांबेचना. १८९७ साली तीन स्वीडिश माणसं मोठ्या फुग्यातून ध्रुवाकडे निघाली. तीन दिवसांत फुगा बर्फावर पडला. महिनोन्महिने बर्फावर काढून ती या बेटावर पोचली आणि इथेच मेली. वाक्यं वेडीवाकडी येत होती, पण येत होती. मी एकही सुधारलं नाही.

"तेहतीस वर्षांनी एका शिपला त्यांचा कॅम्प सापडला. कॅमेऱ्याची फिल्म होती. ती डेव्हलप केली. आणि काका, फोटो आले!"

काका चक्क मांडी घालून खाली बसले. "कसले फोटो?"

"त्यांचेच. पडलेला फुगा बघताना."

पहिला नंबर तिचाच आला. टाळ्या वाजवून माझे तळहात लाल झाले, डोळे वाहत होते, लाज कसली ती वाटली नाही. ढाल घेतल्यावर ईशानीने निवेदिकेच्या हातातला माईक ओढून घेतला.

"मागच्यांना ऐकू नसेल आलं," ती म्हणाली. "परत सांगू?"