टाळूचं झाकण

हुंग अ-हुआतच्या तोंडातल्या टाळूचा उजवा भाग डॉक्टरांनी कॅन्सरमुळे कापून काढला, त्याला दोन वर्षं होत आली होती. त्या जागी आता चार दात बसवलेली गुलाबी कवळी होती, वरच्या बाजूला फुगीर, भोकात घट्ट बसणारी. हॉस्पिटलात तिला लांबलचक नाव होतं. घरात सगळे तिला झाकण म्हणत. झाकण बसवलं की अ-हुआत जेवायचा, भांडायचा, फोनवर मुलाला फैलावर घ्यायचा. काढलं की प्यालेलं पाणी नाकातून परत यायचं आणि शब्दही सगळे नाकात शिरायचे. त्यांच्या बोलीत तर नुसत्या अनुस्वारानं अर्थ पालटतो. डुक्कर म्हणजे 'ती', आणि गोड म्हणजे 'तीं'. पहिलं झाकण सैल होतं, तेव्हा खाटीक त्याला हसून म्हणाला होता, "काका, गोड मटण आमच्याकडे मिळत नाही." अ-हुआत महिनाभर त्या दुकानाकडे फिरकला नव्हता.

त्याचं बोलणं मोजायला ग्योक-थो, त्याची बायको, त्याला दर तीन महिन्यांनी आगगाडीनं काओशुंगच्या हॉस्पिटलात घेऊन यायची. मोजणाऱ्या होत्या च्येनबाई, बोलणं शिकवणाऱ्या. त्या अ-हुआतच्या डोक्याला पट्टा बांधायच्या. पट्ट्याला एक धातूची पट्टी होती, ती नाक आणि वरचा ओठ यांच्यामध्ये आडवी टेकायची. पट्टीच्या वर एक माइक, खाली एक. अ-हुआतनं समोरचा उतारा वाचायचा. त्या उताऱ्यात नाकातला एकही उच्चार नसायचा. तरीही वरच्या माइकमध्ये जेवढा आवाज शिरेल, तेवढा टाळूतून निसटलेला. शंभरातला किती वाटा नाकातून गेला, ते पडद्यावर दिसायचं. झाकण नसताना अ-हुआतचा आकडा साठाच्या वर जायचा. झाकण बसवलं की तो विसाच्या आसपास उतरायचा, आणि दीड वर्ष तो तिथंच होता.

त्या दिवशी आकडा एक्केचाळीस आला.

च्येनबाईंनी पट्टा सोडून पुन्हा बांधला, पट्टी नीट टेकवली आणि उतारा परत वाचून घेतला. आकडा हलला नाही. मग त्यांनी एक थंडगार छोटा आरसा त्याच्या नाकपुड्यांखाली धरला आणि 'पापापा' म्हणायला लावलं. आरशाचा उजवा भाग धुरकटला.

त्यांनी झाकण काढून पाहिलं, पुन्हा बसवलं, काही पडलं-झडलं का, असं विचारलं. अ-हुआत नाही म्हणाला. दुखतं का? नाही. मग बाईंनी अवघडून आणखी एक प्रश्न विचारला, सुपारी पुन्हा सुरू केलीत का? अ-हुआतनं भिंतीकडे बघत नाही म्हणून मान हलवली. त्याची शस्त्रक्रिया केलेले फांग डॉक्टर त्या आठवड्यात परगावी होते. त्यांची पुढच्या बुधवारची वेळ बाईंनी धरून दिली आणि निघताना ग्योक-थोला दाराशी हळूच सांगितलं, "काकू, घाबरू नका. पण ही तारीख चुकवूही नका."

घाबरू नका म्हटल्यावर कोण घाबरायचं थांबतं? परतीच्या गाडीत ग्योक-थोला समुद्र दिसला नाही की जामाच्या फळबागा दिसल्या नाहीत. बाईंच्या एका प्रश्नानं तिच्या छातीवर धोंड ठेवली होती. सुपारी.

त्यांच्या गावात, फांगल्याओच्या हमरस्त्यावर पानाची टपरी होती ती तिचीच. जवळजवळ तीस वर्षं तिनं ओल्या सुपाऱ्या चिरल्या, पानाला चुना फासला, पुड्या बांधल्या. अ-हुआत तेव्हा रेतीचा ट्रक चालवायचा. डोळ्यावर झोप येऊ नये म्हणून सुपारी घ्यायला थांबायचा आणि नंतर नुसता थांबायलाच थांबू लागला. लग्न झालं, मुलगा झाला, आणि रोज सकाळी ट्रक निघताना ग्योक-थो त्याच्या खिशात पुडी ठेवत राहिली. डॉक्टरांनी निदान सांगितलं त्याच संध्याकाळी तिनं टपरीचं शटर ओढलं. आता ती तिथं चहात उकडलेली अंडी आणि मोसमात जाम विकायची. जुनं गिऱ्हाईक सुपारी मागायला आलं की तिचे हात गार पडायचे.

तो आठवडा तिनं नवऱ्यावर पाळत ठेवण्यात घालवला. धुवायला टाकलेल्या शर्टाचे खिसे उलटे केले. बेसिनमध्ये लाल डाग शोधले. अ-हुआत अंगणात बसला की ती काहीतरी निमित्त काढून त्याच्याजवळ जायची आणि श्वास हुंगायची. सापडत काहीच नव्हतं, पण तो काहीतरी लपवत होता एवढं नक्की. जेवताना घास डाव्या गालात ठेवायचा. भात अर्धा टाकून उठायचा. आणि सकाळी काही न सांगता स्कूटर काढून जायचा.

सोमवारी ती शेजारणीच्या स्कूटरवर त्याच्या मागे गेली. अ-हुआत स्टेशनच्या मागच्या गल्लीत एका सुपारीच्या टपरीसमोर उभा होता. आत काचेमागे बसलेली पोरगी त्याच्याशी हसून बोलत होती. ग्योक-थोला पुढचं बघवलं नाही. ती शेजारणीला म्हणाली, चल मागे. घरी येऊन तिनं अंड्यांचं पातेलं चुलीवर चढवलं आणि रात्रीपर्यंत नवऱ्याशी चकार शब्द बोलली नाही. त्यानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, अंडी जळाली. अंडी काही जळाली नव्हती.

बुधवारी च्येनबाईंनी डॉक्टरांकडे जाण्याआधी पुन्हा मोजलं. आकडा बेचाळीस. अ-हुआत उठून उभा राहिला, जणू आता घरीच जायचं होतं. आणि ग्योक-थोचा बांध फुटला.

"बाई, हा खातोय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. स्टेशनमागच्या टपरीवर उभा होता."

अ-हुआत लालबुंद झाला. "मी? सुपारी?"

"मग काय त्या पोरीला बघायला गेला होतास म्हाताऱ्या?"

"तिच्या शेजारी दातवाला बसतो. त्याचं दुकान उघडायची वाट बघत होतो."

मग अ-हुआतनं खाली बसून, जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. झाकण कुत्र्यानं चावलं होतं. महिन्यापूर्वी तो दुपारी ओट्यावर बसला होता, झाकण काढून वाडग्यात ठेवलं होतं, आणि जरा डोळा लागला तेवढ्यात त्यांचं काळं कुत्रं ते घेऊन पळालं. कुंपणापाशी पकडलं तोवर मागची कड तडकली होती. हॉस्पिटलात कळलं तर बाई रागावतील आणि घरी कळलं तर बायको जीव खाईल, म्हणून त्यानं स्टेशनमागच्या कवळ्या करणाऱ्याकडून ते चिकटवून घेतलं. सोमवारी पुन्हा घासून घ्यायला गेला होता.

ग्योक-थो बघतच राहिली. मग तिला हसू आलं आणि ते आवरेना. आठवडाभर छातीवर बसलेली धोंड कुत्र्यानं ओढून नेली होती. ती हसत डोळे पुसत म्हणाली, "घरी गेल्यावर आधी कुत्र्याला मारते आणि मग तुला."

च्येनबाईही हसल्या. त्यांनी झाकण दिव्याखाली धरलं. चिकटवलेल्या जागी केसाएवढी फट होती खरी. त्या ते शेजारच्या दातांच्या विभागात घेऊन गेल्या, फटीत मेण भरून आणलं आणि म्हणाल्या, आता मोजू, म्हणजे खात्री होईल. पुन्हा पट्टा, पुन्हा उतारा. ग्योक-थो मनात म्हणत होती, वीस, वीस, वीस.

आकडा तेहतीसवर थांबला.

उतरला होता, पण जिथं यायला हवा तिथं आला नव्हता. च्येनबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी खुर्ची ओढून अ-हुआतच्या अगदी समोर घेतली.

"काका, एक सांगा. दुपारी ओट्यावर झाकण काढलं का होतंत? तुम्ही तर झोपतानाच काढता."

अ-हुआतनं पुन्हा भिंतीकडे बघितलं.

"काका."

"टोचत होतं," तो म्हणाला. "मागच्या बाजूला. आधी थोडं टोचायचं, आता घास गिळताना कळ येते."

"मागच्या वेळी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"हो म्हटलं असतं तर तुम्ही आत बघितलं असतं."

कुत्र्याची गोष्ट खोटी नव्हती. पण तिच्याआड त्यानं दुसरी भीती दडवली होती, आणि ती बायकोपासून, बाईंपासून, बहुधा स्वतःपासूनही. फट बुजली तरी आवाज निसटत होता, म्हणजे झाकणच नीट टेकत नव्हतं. त्याखाली काहीतरी त्याला उचलत होतं.

फांग डॉक्टरांनी बारीक नळी नाकातून आत घातली आणि पडद्यावर दाखवलं. मागच्या कडेला मांस किंचित वर आलं होतं, मसुराच्या दाण्यासारखं, त्यावर पांढरट चट्टा. व्रणही असेल, डॉक्टर म्हणाले, झाकण घासून झालेला. नसेलही. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि एका आठवड्यानं बोलावलं.

हा आठवडा आधीच्यापेक्षा वाईट गेला, कारण आता शोधायला काही उरलं नव्हतं. अ-हुआत झाकण काढून भाताची पेज प्यायचा, नाकाशी रुमाल धरून. ग्योक-थो तीच अंडी दोनदा मोजायची. एका संध्याकाळी ती माझू देवीच्या देवळात गेली आणि उदबत्ती हातात धरून नुसती उभी राहिली. मागायचं काय ते तिला सुचेना. परत आल्यावर ती ओट्यावर त्याच्या शेजारी बसली आणि इतकी वर्षं न काढलेला विषय तिनं काढला.

"पुडी मीच ठेवायचे ना तुझ्या खिशात."

अ-हुआतला झाकणाशिवाय बोलायचा कंटाळा यायचा, पण तो बोलला. शब्द सगळे नाकातून आले, कुणा परक्याला एकही कळला नसता. "तू ठेवायचीस, आणि मी काय डोळे मिटून खायचो? संपली की वाटेत दुसऱ्या टपरीवरून घ्यायचो. ती तर महागही द्यायची."

"कोण ती?"

"आता ते कशाला?" तो म्हणाला, आणि तिनं त्याच्या दंडावर एक चापटी ठेवून दिली. तिला सगळं कळलं होतं, शब्दन् शब्द.

तपासणीत कळलं, तो व्रण नव्हता. रोग परत आला होता. पण दाण्याएवढाच होता आणि हाडाला लागला नव्हता. झाकण टेकत नाही म्हणून तो लवकर सापडला, नाहीतर आणखी काही महिने कुणाच्या नजरेला पडला नसता, असं फांग डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रियेच्या दिवशी मुलगा ताओयुआनहून आला आणि आईशेजारी बाकावर दिवसभर मुकाट बसून राहिला. तिला शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी बोलावलं तेव्हा ती आधी डॉक्टरांच्या डोळ्यांकडेच बघत होती. कापलेल्या जागेच्या कडा स्वच्छ आल्या होत्या, रोग मागे उरला नव्हता.

भोक आधीपेक्षा मोठं झालं. नवं झाकण करायला, घासायला, पुन्हा पुन्हा बसवून बघायला उन्हाळा संपला. मोजायची वेळ आली तेव्हा ग्योक-थो पडद्यासमोरच जाऊन उभी राहिली. पट्टी टेकली, उतारा संपला, पडद्यावर एकोणतीस आलं. आधीच्या विसाच्या जवळपास आता तो कधी पोचणार नाही, हे च्येनबाईंनी स्पष्ट सांगितलं. दूरच्या माणसाला दोनदा सांगावं लागेल. फोनवर सावकाश बोलावं लागेल.

"आणि टोचलं तर?" बाईंनी विचारलं.

"सांगेन," अ-हुआत म्हणाला.

"कधी?"

"त्याच दिवशी."

ग्योक-थोनं मध्येच सांगितलं की तो नाही बोलला तरी ती बोलेल, आता ती त्याचं ताट रोज बघते. पुढची तारीख घेऊन दोघं बाहेर पडली. लिफ्टमध्ये गर्दी होती. अ-हुआतनं दाराजवळच्या मुलीला मजला सांगितला. तिला कळलं नाही, तिनं "काय?" विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश. मुलीनं बटण दाबलं. ग्योक-थोनं हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मजल्याचे आकडे खाली उतरताना बघत राहिली.