शेंदूर लावलेला लाव्हा

गोंडपिपरीच्या रुखमाबाईला दगडात देव दिसायला फार वेळ लागत नसे. पण या खेपेला दोष तिचा एकटीचा नव्हता. भाचीनेच तो काळा दगड धुऊन पुसून कोऱ्या पांढऱ्या कापडावर ठेवला आणि "याले कोणी हात लावाचा नाई" म्हणून घरादाराला बजावलं. असा मान त्या घरात वामनरावांना कधी मिळाला नव्हता, आणि ते तर रुखमाबाईचे कुंकवाचे धनी.

भाची ज्योत्स्ना लाव्ह्याच्या खडकांवर संशोधन करत होती. जिवतीकडच्या डोंगरांत हिंडून तिने पोतंभर दगड आणले, त्यात हाच एक ताजा निघाला. बाकीचे उन्हापावसाने सडलेले. संध्याकाळी बल्लारशाहून गाडी, परवा हैदराबादच्या प्रयोगशाळेत यंत्रावर तिचा नंबर. तो हुकला तर पुढचा वर्षाने, आणि तोवर परदेशातल्या शिक्षणाची जागा दुसऱ्याच कोणाच्या पदरात.

आंघोळ करून ती अंगणात आली, तर दगड तेल-शेंदराने लालभडक! पुढे उदबत्ती, फोडलेला नारळ आणि हात जोडून मावशी.

"मावशी, हे काय करून ठेवलं?"

"पूजा केली. दुसरं काय कराचं?"

ज्योत्स्ना मटकन खाली बसली. "अवं, शेंदरात शिसं असते. मी याच्यातलं शिसंच मोजणार होती!"

"मंग बरंच झालं," वामनराव खाटेवरून म्हणाले, "आता भरपूर सापडन."

रुखमाबाईने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी निमूट कूस बदलली. मग तिने विचारलं, "दगडातलं शिसं मोजून काय भेटते वं?"

"भाजी चाखून तू सांगते ना, जाळ किती होता अन् मसाला कोणाच्या घरचा? तसंच. जमिनीच्या लई खालून तापलेला खडक हळूहळू वर चढते, वर येऊन वितळते, त्याचा लाव्हा होते. लाव्ह्यात मॅग्नेशियम जास्त, तर खाली जाळ मोठा. अन् शिशावरून समजते, माल खोलातला आहे का वाटेत भेसळ झाली."

"अन् आता?"

"आता शेंदूर कोणत्या दुकानातला, तेवढं समजन." ज्योत्स्नाने हातोडा उचलला. "तेल मुरलं असन. फोडून आतला गाभा काढावा लागन."

रुखमाबाई आडवी आली. "देव फोडतं काय?"

"सकाळपर्यंत दगड होता, मावशी."

"होता. पण मंग मी मागतलं त्याले."

"काय मागतलं?"

रुखमाबाई पदराशी चाळा करत राहिली. बहीण गेल्यावर ही पोर तिनेच वाढवली होती. "राजुऱ्याचा नवरदेव मागतला तुह्यासाठी. जवळचा. म्हंजे तू दूर जाणार नाई."

ज्योत्स्नाने हातोडा खाली ठेवला. "राहू दे मंग," ती म्हणाली आणि सामानाची पिशवी उगाच आवरू लागली. भांडली असती तर रुखमाबाई पुरून उरली असती. हे गप्प बसणं तिला सोसवेना.

ती घरात गेली, मूठभर तांदूळ घेऊन आली. गणपतीला निरोप देताना करतात तसं अक्षता टाकून तिने दगड जरा हलवला आणि वाकून म्हणाली, "नवरदेव नको बाबा. मागतलं ते वापस घेतलं. तिले जाऊ दे, अन् तू बी जाय आपल्या घरी."

"मार आता," ती भाचीला म्हणाली. पण भाचीचा हात उचलेना.

"आण इकडं तो हातोडा. पाप लागलं तं मले लागन." तिने डोळे मिटले आणि सगळ्या ताकदीने घाव घातला. दगड दुभंगला. आत काळाभोर, हिरव्या बारीक कणांचा, शेंदराचा टिपूस नाही.

ज्योत्स्नाने तो गाभा पिशवीत घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"त्याच्यावर रडू नको," रुखमाबाई म्हणाली, "पुन्हा भेसळ होईन." आणि तोंड फिरवून तिने आपले डोळे पदराला पुसले.